ताटावरचा आडवा हात

बटण महाग पडतं, हे एकदा पटलं की पुढचं सगळं आपोआप पटत जातं.

विभा सरनोबतला ते फार लवकर पटलं होतं. शिरोलीच्या एमआयडीसीत मगदूमसाहेबांचा इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना होता, आणि यंत्राला माणसाचं म्हणणं कळणार कसं, हे ठरवणाऱ्या विभागाची ती प्रमुख होती. नव्या पोरांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, की बटण स्वतः चार रुपयांचं असतं, पण ते एकटं येत नाही. त्याच्यासाठी डब्याला भोक पाडायचं. भोकातून पाणी जातं, म्हणून रबर बसवायचं. मागं वायर, वर छापलेलं नाव, तेही चार भाषांत. आणि वर्षभरानं ते अडकलं की गिऱ्हाईक आपल्याच नावानं खडे फोडणार. टचस्क्रीन त्याहून महाग, शिवाय ओल्या बोटांना ती दाद देत नाही. आवाजावर यंत्र चालवायचं तर मायक्रोफोन हवा, शहाणी चिप हवी, आणि आपल्या घरांत कुकर, टीव्ही आणि सासूबाई एकाच वेळी सुरू असतात. मग सगळ्यात स्वस्त काय? काहीच नसणं.

हे 'काहीच नसणं' म्हणजे त्यांची 'ओढ' ही चिप. माणसाचं शरीर म्हणजे खारट पाण्यानं भरलेली पिशवी, त्यामुळं ते वीज वाहून नेतं. डब्याच्या आतल्या बाजूनं पत्र्याची एक पट्टी चिकटवली आणि तिच्याभोवती अगदी हलकं विद्युतक्षेत्र तयार केलं, की समोरचं माणूस जवळ सरकलं, आखडलं, त्याचा श्वास अडकला किंवा तळहात घामेजले, तरी त्या क्षेत्रात फरक पडतो. हात हलण्याआधी स्नायूत जी बारीकशी खळबळ होते, तिचाही पट्टीला वास लागतो. ओढ हे सगळं वाचायची आणि शरीराचा कल कुठं आहे ते ओळखायची. भोक नाही, रबर नाही, वायर नाही. पाच वर्षांत पंखे, मिक्सर, लिफ्ट, दिवे, सगळ्यांवरची बटणं गेली. संकष्टीच्या दिवशी फ्रिजचं दार आपोआप उघडायचं, यावर लोकांनी विनोद केले आणि खिचडी काढून घेतली.

पण ओढीला शिकवलं कुणी, हे ऐकण्यासारखं आहे. माणसाला काय हवं आणि काय नको, याचे हजारो नमुने चिपला दाखवावे लागतात. ते आणायचे कुठून? मगदूमसाहेबांनी मांडीवर थाप मारली होती. "अगं, पंगतीत! माणसाची ओढ पंगतीएवढी उघडी दुसरीकडं कुठं पडत्या?" मग लग्नसराईत त्यांनी मंगल कार्यालयं गाठली. टेबलाखाली पट्ट्या लावल्या, वर कॅमेरे टांगले. वाढपी वाढत गेला, पाहुणे जेवत गेले. नियम सोपा ठेवला होता. ताटातलं खाल्लं, म्हणजे हवं होतं. उरलं, म्हणजे नको होतं. सगळ्या इंजिनिअरांना महिनाभर फुकट जिलेबी मिळाली आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. विभालाही नाही.

आता कारखान्यानं औषधाच्या यंत्रात पाऊल टाकलं होतं. दुखणं असह्य झालेल्या माणसाला घरच्या घरी मॉर्फिन देणारा पंप, नाव 'निवांत'. जुन्या पंपांना बटण असायचं, दुखलं की रुग्ण ते दाबायचा. निवांतला ते नव्हतं. उशाशी ठेवला की तो शरीराची तगमग ओळखायचा आणि डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेत औषध सोडायचा. समोर छोटा पडदा होता, त्यावर पणती तेवायची. औषध जाऊ लागलं की ज्योत मोठी व्हायची. मोठं सरकारी टेंडर होतं, किंमत कमी ठेवली तरच मिळणार होतं. त्यासाठी एक दाखला लागायचा, की वापरणाऱ्याची इच्छा या यंत्राला नीट कळते. त्यावर सही विभाची.

त्याच सुमाराला मालनआत्ती विभाच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटवर राहायला आली.

मालनआत्ती म्हणजे विभाच्या वडलांची धाकटी बहीण. कोल्हापुरात बाईनं गाडी शिकवायची म्हणजे लोक रस्त्यात थांबून बघायचे, त्या काळात तिनं मोटर ट्रेनिंग स्कूल काढलं होतं. अर्ध्या राजारामपुरीला तिनं क्लच सोडायला शिकवलं. कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची, आणि आवाज असा, की शिकाऊ माणसाचा पाय आपोआप ब्रेकवर जावा. आता कॅन्सर मणक्यापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी औषधं थांबवली होती, फक्त दुखू नये एवढं बघा म्हणाले होते. विभानं चाचणीसाठी ठेवलेला एक निवांत घरी आणला.

पहिले काही दिवस विभाला आपल्या कामाचा अभिमान वाटला. आत्ती कितीतरी दिवसांनी झोपली. जागी झाल्यावर पंपाकडं बघून म्हणाली, "गुणाचं हाय की गं तुझं लेकरू. न सांगता करतंय."

मग एका सकाळी ती म्हणाली, "आण्णाला बोलीव. मला त्येच्याशी बोलायचं हाय. मरायच्या आधी बोलायचं हाय, म्हणजे लवकर बोलीव."

आण्णा म्हणजे विभाचे वडील. काय बोलायचं होतं ते विभाला ठाऊक होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आत्ती अठरा वर्षांची असताना तिला गडहिंग्लजचं स्थळ आलं. तिनं आण्णाला सांगितलं, मला हे लग्न नको. आण्णा हसला. पोरी आधी नाहीच म्हणतात, असं म्हणून त्यानं सुपारी फोडली. दीड वर्षानं आत्ती मोडलेलं मनगट घेऊन माहेरी आली ती परत गेली नाही. आण्णानं तिला वाऱ्यावर सोडलं नाही, हेही खरं. तिच्या पहिल्या गाडीसाठी तोच धावपळ करत फिरला. पण त्या एका गोष्टीचा विषय निघाला की तो चप्पल घालून बाहेर पडायचा. आत्तीला ते त्याच्या तोंडावर म्हणायचं होतं, शुद्धीत, डोळ्यांत डोळे घालून. आयुष्यात तिची एवढीच इच्छा उरली होती.

आण्णा दोनदा आला आणि दोन्ही वेळा आत्ती गाढ झोपलेली होती. विभा ऑफिसात होती, तिला वाटलं योगायोग असेल. तिसऱ्या वेळी ती मुद्दाम घरी थांबली.

आत्तीनं सकाळपासून तयारी केली होती. केस विंचरून घेतले, चष्मा पुसला, पाठीशी दोन उशा लावून ताठ बसली. दारात आण्णाच्या चपला वाजल्या. आत्तीचे खांदे ताठरले, जबडा आवळला गेला, नाकपुड्या फुलल्या. पडद्यावरची पणती मोठी झाली.

आत्तीनं ते पाहिलं. तिनं पंपाच्या दिशेनं हात आडवा धरला. "थांब. आत्ता नगं."

पणती आणखी मोठी झाली.

"नगं म्हणालो न्हवं मी?" आत्तीनं दुसराही हात धरला. आण्णा खुर्चीत बसत होता. "आण्णा, त्या वक्ताला मी तुला..." एवढंच ती बोलली. पापण्या मिटत आल्या, मान कलली, ओठ हलत राहिले आणि थांबले.

आण्णानं सोबत आणलेली राजगिऱ्याच्या लाडवांची पिशवी टेबलावर ठेवली. "झोपू दे तिला," तो हळूच म्हणाला. "बिचारीला आराम पडतोय तेवढाच." त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण सुटल्याची भावनाही होती, आणि ती विभाच्या नजरेतून सुटली नाही. तिला वडलांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला.

संध्याकाळी आत्ती जागी झाली. ओरडली नाही. तिनं विभाला जवळ बसवून घेतलं.

"मला दुखत नव्हतं गं तवा. मला राग आल्ता. मी पन्नास वर्षं सांभाळलेला राग हाय त्यो. तुझ्या डब्याला दुखणं आनि राग येगळा कळत न्हाई?"

"शरीरात दोन्ही सारखंच दिसतं, आत्ती."

"आनि हात धरलेला? त्यो बी दिसत न्हाई?"

हात दिसायला हवा होता. पट्टीला हाताएवढं ठळक दुसरं काही दिसतच नाही.

"माझ्या गाडीत दोन ब्रेक हुते," आत्ती म्हणाली. "एक माझ्या पायाखाली. शिकणारा कितीबी येडा असू दे, पर त्येचा ब्रेक मी कवा काढून घेतला न्हाई. तू काढून घेतलास बघ."

दुसऱ्या दिवशी विभानं ऑफिसात जाऊन पंगतीची जुनी चित्रणं उघडली. फार शोधावं लागलं नाही. पहिल्याच रांगेत एक जाडगेले गृहस्थ बसले होते. वाढपी जिलेबी घेऊन आला तसा त्यांनी ताटावर हात आडवा धरला. वाढपी म्हणाला, घ्या हो. त्यांनी दुसरा हात धरला. वाढप्यानं बोटांच्या फटीतून दोन जिलेब्या सोडल्या. गृहस्थांनी 'काय हे' अशा चेहऱ्यानं त्या खाल्ल्या. शेजारच्या बाई ताटावर ओणव्या झाल्या, तरी त्यांना मठ्ठा मिळाला. पुढचा, त्याच्या पुढचा, सगळी रांग तशीच. पानात टाकायचं नाही म्हणून जे गिळलं, तेसुद्धा चिपच्या हिशेबी 'हवं होतं' मध्ये जमा. ओढीनं इमानदारीत धडा घेतला होता, की माणूस हात आडवा धरतो, तेव्हा त्याला वाढायचं असतं. दोन हात धरले तर जास्त वाढायचं असतं.

विभाला आधी हसू आलं आणि मग ते थांबलं. आग्रहाचं जेवण जेवून शिकलेलं यंत्र ती मरणाऱ्या माणसांच्या उशाशी ठेवायला निघाली होती.

मगदूमसाहेबांनी चित्रण पाहिलं आणि ते खळखळून हसले. माणूस वाईट नव्हता. आईच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी तिच्या किंकाळ्या ऐकल्या होत्या, म्हणून तर त्यांनी हा पंप काढला होता.

"मग दुरुस्त कर की," ते म्हणाले. "हात आडवा म्हणजे थांब, असं शिकवूया. दवाखान्यात नवीन नमुने गोळा करू."

"केलं असतं, सर. पण दुखण्यानं कळवळणारा माणूससुद्धा हात असाच धरतो. सकाळी मी दवाखान्यातल्या पंपाच्या चाचण्यांची चित्रणंही बघितली. शरीर काय मागतंय, तेवढंच ओढीला कळतं. शरीर मागतंय, पण मी देणार नाही, असं माणूस ठरवतो, ते पट्टीला कुठं दिसणार? ते त्याला करून दाखवावं लागतं. त्यासाठी जागा पाहिजे. बटण पाहिजे."

"बटण." साहेबांनी तो शब्द बोटानं बाजूला सारला. "भोक, रबर, साचा बदलायचा, परत चाचण्या. तूच शिकवलंस हे सगळ्यांना. किंमत वर गेली की टेंडर गेलं. टेंडर गेलं की हजारो माणसं पंपाशिवाय ओरडत मरणार. तुझ्या एका आत्तीला बोलायचंय म्हणून?"

हा वार खरा होता आणि तो बसला. विभानं हिशेबाचा कागद पुढं सरकवला. मग म्हणाली, "पणती काढा."

"काय?"

"पडदा काढा, सर. पणतीचा पडदा बटणापेक्षा महाग आहे. रबरासकट, साच्यासकट. मी हिशेब केलाय. पडदा काढून बटण बसवलं तर पंप आहे त्याहून स्वस्तच पडतो."

"पणती बघून तर टेंडरची समिती खूश झाली!"

"समितीला कुणी टोचणार नाहीये."

साहेबांचा चेहरा उतरला, पण ते कसलेले होते. त्यांनी सूर बदलला. "हे बघ, विभा. पहिली खेप अशीच जाऊ दे. पुढच्या खेपेला बघू बटणाचं. तू नुसती सही कर. उद्या संध्याकाळपर्यंत दाखला पाठवायचाय. कर गं, तुझ्या हातचं काम आहे."

"विचार करते," विभा म्हणाली आणि उठली. असं म्हटल्याबद्दल तिला जिन्यातच स्वतःची चीड आली.

घरी जाताना ती लक्ष्मीपुरीत गेली. चार दुकानं फिरली. बटण म्हटल्यावर दुकानातल्या पोरी शर्टाची दाखवू लागल्या. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं माळ्यावरून धुळीनं माखलेला खोका काढला. त्यात दारावरच्या बेलची पांढरी बटणं होती आणि जुन्या टेबललॅम्पचं एक लाल बटण. एकदा दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की चालू. "आता कोण न्हेतंय हे," तो म्हणाला. विभानं लाल बटण घेतलं.

आत्तीच्या पलंगाशेजारी जमिनीवर बसून तिनं पंप उघडला. स्वतः डिझाइन केलेल्या, एकही भोक नसलेल्या त्या सुंदर पांढऱ्या डब्याला तिनं ड्रिल लावलं. औषध ढकलणाऱ्या मोटरकडं जाणारी वायर कापून तिनं मधे बटण जोडलं. डॉक्टरांची मर्यादा तशीच राहिली. वाढवायला नाही, फक्त थांबवायला हे बटण. ते वाकडं बसलं होतं, सगळीकडून सोल्डर डोकावत होतं.

"दिसायला घाण हाय," आत्ती म्हणाली. तिनं ते दाबून बघितलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. "चालतंय की."

"आत्ती, बंद ठेवलंस तर दुखेल. खूप दुखेल."

"ते माझं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी विभानं वडलांना फोन करून बोलावलं. ते आले, खुर्चीत बसले, बहिणीकडं आशेनं बघू लागले, की आता पापण्या मिटतील. आत्तीनं आधीच बटण दाबून ठेवलं होतं. पणती मोठी होऊन फडफडत होती, मोटर मात्र गप्प होती. आत्तीच्या कपाळावर घाम आला. हाताची मूठ चादरीत रुतली.

"आण्णा," ती म्हणाली, "त्या सकाळी मागच्या दारात मी तुला काय सांगटलं हुतं?"

"मालन, जुनं कशाला उकरतीस? तुला त्रास हुतोय बघ. विभा, ते चालू कर गं."

"विभा हात लावणार न्हाई. तू बोल. मी काय सांगटलं हुतं?"

आण्णानं दाराकडं बघितलं. चपला दाराबाहेर होत्या. विभा दारात उभी होती आणि ती बाजूला सरली नाही.

"नको म्हणालतीस," तो म्हणाला.

"कितींदा?"

"लई येळा." त्यानं खाली बघितलं. "पोरी तसंच म्हणायच्या गं तवा. आमाला वाटलं लाजतीयास. सगळीच घरं तशी हुती."

"मी लाजत नव्हतो. मी भ्यालो बी नव्हतो. मला नको हुतं, म्हणून मी नको म्हणालो. तुला कळलं हुतं, आण्णा. तू हसलास, पर तुला कळलं हुतं. तू माझ्याकडं बघून हसला न्हाईस, खाली बघून हसलास." दुखण्यानं तिचा श्वास तुटत होता आणि प्रत्येक तुकड्यानंतर ती पुन्हा बोलत होती. "मला नवऱ्यानं मारलं ते मारलं. त्येचा राग कवाच गेला. त्यो परका हुता. तुझा गेला न्हाई."

आण्णा रडू लागला. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, रुमाल सापडेना म्हणून बाहीनं डोळे पुसत होता. "चुकलं माझं," तो म्हणाला. "मालन, चुकलं. आता पदरात घे. माफ केलं म्हण एकदा. म्हण गं."

"न्हाई."

विभाला वाटलं, आता वडील पुन्हा म्हणतील. ते तसेच होते. ताटात काही वाढायचं असो की कुणाचं मन वळवायचं असो, ते तीनदा, चारदा, समोरचा वाकेपर्यंत म्हणायचे. त्यांनी तोंड उघडलंही. मग बहिणीच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं आणि मिटलं.

"बरं," आण्णा म्हणाला. "न्हाई तर न्हाई."

आत्तीनं डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. विभानं तिला एवढं समाधानी कधीच पाहिलं नव्हतं. मग तिनं स्वतःच चाचपडत हात नेला आणि लाल बटण दाबलं. मोटर घुमली. "आता बस हितंच," ती भावाला म्हणाली. "झोपलो तरी जाऊ नगंस." आणि आण्णा बसून राहिला.

विभाचा फोन वाजला तेव्हा ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती. मगदूमसाहेब होते, सकाळपासून तिसऱ्यांदा.

"झाली का सही? बाकी सगळं तयार आहे. एवढी तुझीच राहिली बघ."

"नाही करत, सर."

"अगं, असं काय करतेस? पहिल्या खेपेपुरती. माझ्यासाठी."

"नाही."

"शेवटचं विचारतो."

"शेवटचं उत्तरही तेच आहे."

साहेब पुन्हा बोलले तेव्हा त्यांच्या आवाजातला गोडवा संपला होता. "मग मी दुसऱ्याची सही घेणार. आणि तू राजीनामा दे."

"दुसऱ्यानं सही केली तर पंगतीचं चित्रण मी समितीला दाखवणार. आणि राजीनामाही देणार नाही." विभानं गॅस बारीक केला. "काढायचं तर तुम्ही काढा, सर. नाहीतर सोमवारी साच्याच्या माणसाला बोलवा. भोक कुठं पाडायचं ते मी दाखवते."